विश्लेषण : माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्याची जबाबदारी नेमकी कोणाची? जामनेरसारख्या तालुक्यात काय अडते?

सतरा-अठराव्या वर्षी भरती झालेला जवान साधारण पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन गावी परततो. पेन्शन सुरू होते, कॅन्टीनचे कार्ड मिळते, ईसीएचएसचे कार्ड मिळते. गुडघा दुखला, साखर वाढली किंवा मोतीबिंदू झाला तर कुठे जायचे, हे त्याला माहीत असते. पण रात्र-रात्र झोप लागत नसेल, फटाक्याच्या आवाजाने हातपाय कापत असतील, घरात कोणाशी बोलावेसे वाटत नसेल, तर कुठे जायचे? जामनेर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात हा प्रश्न विचारला, तर ‘जळगावला दाखवा’ यापलीकडे उत्तर मिळणे कठीण.

देशात दरवर्षी साधारण ६० हजार सैनिक निवृत्त होतात. त्यात आता भर पडणार आहे ती अग्निवीरांची. २०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस पूर्ण होतात. त्यामुळे माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत मनाच्या उपचारांची जबाबदारी कोणाकडे आहे, हा प्रश्न आता टाळण्यासारखा राहिलेला नाही.

ईसीएचएस काय आहे?

‘एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम’ म्हणजे ईसीएचएस. माजी सैनिकांसाठीची ही अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू झाली. निवृत्त होताना एकदाच रक्कम भरायची आणि पुढे स्वतःसह पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि आई-वडील यांना आयुष्यभर उपचार मिळवायचे, अशी ही व्यवस्था. देशभरात चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक, त्यांच्यावर ३० प्रादेशिक केंद्रे आणि ५० लाखांहून अधिक लाभार्थी असा तिचा पसारा आहे. महाराष्ट्रात पुणे, मुंबई आणि नागपूर येथे प्रादेशिक केंद्रे आहेत.

रुग्ण आधी पॉलिक्लिनिकमध्ये जातो. तिथले डॉक्टर तपासतात, औषधे देतात. गरज पडली तर लष्करी रुग्णालयात किंवा योजनेशी करार केलेल्या खासगी रुग्णालयात पाठवतात. योजनेत तक्रारी आहेतच. औषधे नसतात, खासगी रुग्णालयांची बिले थकतात. तरीही शरीराच्या आजारासाठी या योजनेने लाखो कुटुंबांना आधार दिला, हे नाकारता येत नाही.

मग मनाच्या आजाराचे काय?

मानसिक आजार योजनेच्या बाहेर नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवता येते, रुग्णालयात दाखल करता येते. अडचण त्याच्या अलीकडे आहे. पॉलिक्लिनिकच्या भरतीची जाहिरात कधी पाहिली असेल तर त्यातली पदे आठवा : वैद्यकीय अधिकारी, दंतवैद्य, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, नर्सिंग असिस्टंट, लिपिक, चालक, चौकीदार. या यादीत मानसशास्त्रज्ञ सहसा नसतो.

इथे दोन शब्दांतला फरक समजून घेतला पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, तो औषधे देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, चाचण्यांद्वारे मनाची स्थिती तपासतो आणि बोलण्यातून, सरावातून उपचार करतो. भारतात त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. युद्धाचा किंवा अपघाताचा मानसिक आघात, व्यसन, दीर्घकाळची निद्रानाशाची तक्रार यांत गोळीइतकेच हे दुसरे काम महत्त्वाचे असते. त्यासाठी रुग्णाला आठवड्या-पंधरवड्याला पुन्हा पुन्हा यावे लागते.

आता हे जामनेरला लावून पाहा. जळगाव इथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. एसटीने जाण्या-येण्यात आणि थांबण्यात दिवस मोडतो. कपाशीच्या वेचणीत किंवा बँकेच्या दारावरच्या सुरक्षारक्षकाच्या नोकरीत असा दिवस महिन्यातून दोनदा काढायचा, तोही ‘मला काही झालेले नाही’ असे स्वतःलाच सांगत असताना! बहुतेक जण दुसऱ्या फेरीला जात नाहीत.

गावात हा त्रास ओळखू का येत नाही?

कारण तो ‘नैराश्य’ किंवा ‘ताणविकार’ अशा नावांनी येत नाही. खान्देशातला माणूस डॉक्टरसमोर बसून ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणत नाही. तो म्हणतो, डोकं जड राहतं, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, करमत नाही. मग ईसीजी निघतो, रक्त तपासले जाते, ॲसिडिटीची गोळी मिळते. रिपोर्ट नॉर्मल आला की विषय संपतो.

दुसरे कारण दारू. कॅन्टीनच्या कार्डावर माजी सैनिकाला दरमहा मद्याचा ठरलेला कोटा असतो. बहुतेकांच्या बाबतीत तो घरातल्या कपाटात पडून राहतो किंवा पाहुण्यांसाठी निघतो. पण ज्याला झोप येत नाही, त्याच्यासाठी ती सर्वांत हाताशी असलेली झोपेची गोळी ठरते. गावाला दिसते ते व्यसन. त्यामागची न लागणारी झोप कोणी विचारत नाही.

तिसरे कारण म्हणजे आदर. १५ ऑगस्टला ध्वजाजवळ उभा राहणारा, पोरांना भरतीसाठी पहाटे पळायला नेणारा माणूस मनाने खचू शकतो, हे गाव मान्य करत नाही. तोही करत नाही. घरात ते सगळ्यात आधी कळते बायकोला. पण ईसीएचएसचे कार्ड तिच्याकडेही असताना तिला कोणी ‘घरी सगळे ठीक आहे ना’ असे विचारत नाही.

मानसशास्त्र विभागाचा प्रमुख असेल तर काय बदलते?

याचे सर्वांत जुने आणि मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतले आणि मानसोपचारतज्ज्ञ पुरेनात. तेव्हा १९४६ मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने, म्हणजे व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशनने, विद्यापीठांबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ घडवण्याचा कार्यक्रम सुरू केला. जेम्स मिलर हे या खात्यातील चिकित्सा मानसशास्त्राचे पहिले प्रमुख. अमेरिकेत हा पेशा उभा राहिला तो मोठ्या प्रमाणात या कार्यक्रमामुळे. आजही तिथे मानसशास्त्रज्ञांना सर्वाधिक नोकऱ्या देणाऱ्या संस्थांत हे खाते अग्रभागी आहे.

तिथल्या रुग्णालयात मानसशास्त्र विभागाचा प्रमुख स्वतः काही रुग्ण पाहतो, पण त्याचे मुख्य काम वेगळे असते. कोणत्या बाह्यरुग्ण विभागात मानसशास्त्रज्ञ बसेल हे ठरवणे, नव्या लोकांना शिकवणे आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणे, कोण उपचार अर्धवट सोडून गेला त्याचा पाठपुरावा करणे, कोणत्या उपचाराने फरक पडतो ते मोजणे. आणि महत्त्वाचे म्हणजे, रुग्ण कमी आले किंवा एखादा हातातून निसटला तर ‘का’ याचे उत्तर देणे.

एक साधी गोष्ट पाहा. तिथे माजी सैनिक सर्दी-खोकल्यासाठी आला तरी ठरावीक काळाने त्याला काही प्रश्न विचारले जातात. नैराश्यासाठी दोन, मद्यपानासाठी तीन, आघातोत्तर ताणासाठी पाच. एकूण दहा प्रश्न, पाच-सात मिनिटे. उत्तरे चिंताजनक वाटली तर त्याच इमारतीतल्या मानसशास्त्रज्ञाकडे त्याला नेता येते. ‘मनाच्या डॉक्टरकडे’ जाण्याचा निर्णय त्याला एकट्याने घ्यावा लागत नाही.

मग अमेरिकेत सगळे ठीक आहे का?

अजिबात नाही. तिथेही दरवर्षी ६ हजारांहून अधिक माजी सैनिक आत्महत्या करतात. २०१४ मध्ये फिनिक्स शहरातल्या रुग्णालयात प्रतीक्षा यादीच्या नोंदी लपवल्याचे उघड झाले आणि खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्यांचा त्रास आजार म्हणून मान्य व्हायलाही १९८० साल उजाडले. तेव्हा आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला.

फरक इतकाच की तिथे किती माजी सैनिक गेले हे दरवर्षी मोजले जाते आणि जाहीर केले जाते. त्यामुळे जाब विचारता येतो.

भारतातले आकडे काय सांगतात?

जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत सशस्त्र दलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केली. त्यांत लष्कराचे ६४२, हवाई दलाचे १४८ आणि नौदलाचे २९ होते. हे सगळे सेवेतले. निवृत्त होऊन गावी आलेल्याचा असा मृत्यू गावच्या पोलीस ठाण्यात नोंदवला जातो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात ‘निवृत्त व्यक्ती’ असा एक रकाना आहे. त्यात शिक्षक, कारकून, सैनिक सगळे एकत्र.

सेवेतल्यांसाठी काही पावले उचलली गेली आहेत. ‘मानसिक सहायता’ हेल्पलाइन आहे, तुकड्यांमध्ये समुपदेशक आहेत. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे एएफएमसीत, सैन्यदलांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष सुरू झाला. अधिकारी निवडताना तर मानसशास्त्रज्ञ असतोच. सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाच्या मुलाखतीत उमेदवाराच्या मनाची चाचपणी होते.

शरीराच्या जखमांसाठीही जुन्या संस्था आहेत. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून अपंगत्व आलेल्या जवानांना हुन्नर शिकवते. तिथेच १९७४ पासून कण्याला इजा झालेल्यांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. निवृत्तीनंतरच्या मनासाठी अशी ठरलेली जागा नाही.

शिस्तीचा प्रश्न की उपचाराचा?

धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचे जवान चंदू चव्हाण खान्देशात सर्वांना माहीत आहेत. २९ सप्टेंबर २०१६ रोजी ते नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात गेले आणि २१ जानेवारी २०१७ रोजी परत आले. ते पकडले गेल्याच्या बातमीच्या धक्क्याने त्यांच्या आजीचे निधन झाले होते. परतल्यावर त्यांच्यावर लष्करी न्यायालयात कारवाई झाली, शिक्षा झाली. २०१९ मध्ये त्यांनी छळ होत असल्याचा आरोप करत राजीनामा देऊ केला. लष्कराने आरोप फेटाळले आणि त्यांच्यावर शिस्तभंगाची अनेक प्रकरणे असल्याचे सांगितले.

त्यांच्या मनःस्थितीविषयी बाहेरून तर्क करणे योग्य नाही आणि दोन बाजूंचा निवाडा हा या लेखाचा विषयही नाही. प्रश्न नियमांचा आहे. अमेरिकेत युद्धकैदी राहिलेल्या सैनिकाला पुढे चिंताविकार किंवा मनोविकृती झाली, तर तो सेवेमुळेच झाला असे नियमानुसार गृहीत धरतात. कैद किती दिवसांची होती हे पाहत नाहीत. २०१८ पासून तर शिस्तीच्या कारणाने बाहेर पडावे लागलेल्या अनेकांनाही तिथे मानसिक उपचार मिळतात. आपल्याकडे बडतर्फ झालेल्याला साधारणपणे पेन्शन नाही आणि पेन्शन नाही म्हणून ईसीएचएसही नाही. म्हणजे ज्याचे वागणे कदाचित आजारामुळे बिघडले असेल, त्याच्याच हातून उपचाराचे कार्ड जाते.

न्यायालयांनी या बाबतीत काही दारे उघडली आहेत. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर नंतर झालेला आजार सेवेमुळे झाला असे आधी मानावे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैन्याची. मे २०२५ मध्ये स्किझोफ्रेनियाचे कारण देऊन सेवेतून कमी केलेल्या एका सैनिकाला सर्वोच्च न्यायालयाने दिलासा दिला आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या निष्कर्षाची कारणे द्यायलाच हवीत, असे बजावले. मात्र त्यासाठी त्या सैनिकाला अडीच दशकांहून अधिक काळ वाट पाहावी लागली.

‘फौजी’ सगळेच, मग कार्ड कोणाला?

गावात वर्दीतला प्रत्येक जण फौजी असतो. कागदावर तसे नाही. लष्कर, नौदल, हवाई दलातून पेन्शन घेऊन आलेल्याला ईसीएचएस. सीमा सुरक्षा दल किंवा सीआरपीएफमधून आलेल्याला नाही. त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या वेगळ्या योजना आहेत. राज्य राखीव पोलीस दलाचा जवान राज्याच्या अखत्यारीत. काही वर्षांपूर्वी सुट्टीवर जामनेरला घरी आलेल्या राखीव दलाच्या एका जवानाने आयुष्य संपवल्याची बातमी राज्यभर पोहोचली, तेव्हा तालुक्यात हळहळ झाली. पण सुट्टीवर आलेल्या जवानाचे मन आपल्या कोणत्या यंत्रणेच्या नजरेस पडते, यावर चर्चा झाली नाही.

आणि आता अग्निवीर. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम होतील. बाकीचे सेवानिधीची रक्कम घेऊन बाहेर पडतील. योजनेच्या अटींनुसार त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही. एकवीस ते पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा, सोबतचे काही मित्र आत राहिलेले आणि आपण बाहेर, गावात ‘परत पाठवला’ अशी कुजबुज. हा त्रास युद्धाचा नाही, निवड न होण्याचा आहे. त्याचीही कोणाला तरी दखल घ्यावी लागेल.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, जबाबदारी ठरवणे. ३० प्रादेशिक केंद्रांत प्रत्येकी एक वरिष्ठ चिकित्सा मानसशास्त्रज्ञ प्रमुख म्हणून नेमला तर देशभरात ३० पदे लागतात. प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये तज्ज्ञ बसवणे आज शक्य नाही, कारण देशात तेवढे तज्ज्ञच नाहीत. पण प्रमुख असेल तर तो पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना शिकवू शकतो, व्हिडिओ कॉलवर रुग्ण पाहण्याची सोय लावू शकतो आणि वर्षाअखेरीस हिशेब देऊ शकतो.

दुसरी, ते दहा प्रश्न. प्रत्येक पेन्शनधारक वर्षातून एकदा हयातीचा दाखला देतो. माणूस जिवंत आहे की नाही, हे सरकार दरवर्षी न चुकता तपासते. त्याच सुमारास पॉलिक्लिनिकमध्ये तो कसा झोपतो, किती पितो, घरात बोलतो का, हेही विचारता येईल. तेही मराठीत, ‘करमत नाही’ हे उत्तर ज्याला कळते अशा माणसाकडून.

तिसरी, आहे त्या गोष्टी जोडणे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि परिचारिका अशी रचना ठरलेली आहे. जामनेरला उपजिल्हा रुग्णालय आहे. जळगावला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पथकाचा महिन्यातला एक ठरलेला दिवस तालुक्यात माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवला, तर नव्या इमारतीची गरज नाही. हा दिवस अग्निवीर, बीएसएफ, राखीव दल सगळ्यांसाठी खुला ठेवता येतो, कारण हा कार्यक्रम कार्ड विचारत नाही.

चौथी, माणसे. तालुक्यातल्या माजी सैनिक संघटनेतल्या दोन-तीन जणांना प्रशिक्षण दिले तर ते दार ठोठावू शकतात. फौजी डॉक्टरला जे सांगत नाही, ते फौजीला सांगतो.

यातले काहीच खर्चाच्या दृष्टीने अशक्य नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये देशातल्या १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार असल्याचे दाखवले होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. माजी सैनिकांचा फायदा असा की त्यांची यादी, पत्ता, कार्ड आणि दवाखाना आधीच तयार आहे.

आज मदत हवी असेल तर काय करावे?

टेलि-मानस ही सरकारची मोफत सेवा चोवीस तास सुरू असते. क्रमांक १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. मराठीत बोलता येते आणि कोणतेही कार्ड लागत नाही. ईसीएचएस कार्डधारक असाल तर पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना झोप, दारू, भीती, मरणाचे विचार यांविषयी थेट सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्यास सांगा. रेफरल मागणे हा तुमचा हक्क आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक नागरिकाला मानसिक उपचारांचा हक्क दिला आहे. याच कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. त्यामुळे ‘पोलिसांचे लफडे होईल’ या भीतीने कोणाला दवाखान्यात न्यायचे टाळू नका.

आणि तुमच्या गल्लीत नुकताच कोणी फौजी परत आला असेल, तर सत्काराच्या हारानंतर महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्याकडे चहाला जा. सीमेवरच्या गोष्टी विचारू नका. झोप लागते का, एवढे विचारा.